‘आवडतो’ म्हणजे नक्की कसा आवडतो? आकर्षणाबद्दल सारखे येणारे प्रश्न

मी खानापूर तालुक्यातली, नोकरीमुळं आता बेळगावात. रात्री अकरानंतर "अक्का, एक विचारू काय, हसणार नाहीस ना" असा मेसेज आला की विषय काय असणार ते मला आधीच कळतंय. मावसबहिणी, त्यांच्या हॉस्टेलच्या मैत्रिणी, एक-दोन भाऊसुद्धा. मी डॉक्टर नाही की समुपदेशक नाही, वाचलंय बरंच आणि माती पण खाल्लीय बरीच. तेच तेच प्रश्न दहा जणांना दहा वेळा टाईप करून बोटं दुखली म्हणून हे एकदाचं लिहून ठेवलं.

आकर्षण म्हणजे प्रेमच की, त्यात वेगळं काय असतंय?

घोटाळा आपल्या ‘आवडणे’ या शब्दात आहे बघ. मला बेळगावचा गोड कुंदा आवडतो, मला दादा आवडतो, आणि ऑफिसातला तो शर्टच्या बाह्या दुमडून बसणारा पण आवडतो. तिन्हीला एकच शब्द! कन्नडात जाऊन सुटका होईल म्हणशील तर तिथं पण ‘इष्ट’ म्हटलं की भाताच्या सारापासून नवऱ्यापर्यंत सगळं त्यातच येतं. मग ऐकणारा आपल्या मनाला येईल ते ऐकतो, आईला लग्न ऐकू येतं, मैत्रिणींना लफडं ऐकू येतं, आणि आपल्याला स्वतःलाच कळत नसतं आपण काय म्हणालो.

आकर्षण म्हणजे ओढ. ती लागते, आपण लावून घेत नाही. प्रेम नंतरची गोष्ट, त्यात निभावणं येतं, ठरवणं येतं. आणि ओढ एकाच जातीची नसते. मी सगळ्यांना एकच विचारते, "बरं, ती व्यक्ती समोर आली, आता पुढं काय व्हावंसं वाटतंय तुला?" नुसतं बघत बसावं? तासभर बोलावं? हात धरावा? अंगाला अंग लागावं? का आयुष्यभर ती कुठंतरी आसपास असावी? उत्तर देताना माणूस अडखळतो, आणि अडखळला की समजायचं त्याला पहिल्यांदाच कुणीतरी नीट विचारलंय.

मग असे प्रकार किती आहेत?

नक्की आकडा कुणी ठरवून दिलेला नाही, पण साधारण जे बोललं जातं ते असं. शारीरिक म्हणजे लैंगिक ओढ, ती सगळ्यांना माहीत असते आणि सगळे तिचंच नाव घेतात. रोमँटिक ओढ म्हणजे जोडी व्हावी, आपलं माणूस म्हणावं, पावसात एका छत्रीत जावं वगैरे. सौंदर्याची ओढ म्हणजे बघून डोळे निवणं. स्पर्शाची ओढ म्हणजे मिठी, मांडीवर डोकं, केसातनं हात, पण त्याच्या पुढं काही नको. मैत्रीची ओढ. भावनिक ओढ, म्हणजे मनातलं याच्यापाशीच रितं करावंसं वाटणं. आणि डोक्याची ओढ, म्हणजे ‘हा बोलतोय ते ऐकतच राहावं’.

एका माणसाबद्दल चार एकदम वाटू शकतात, एकच वाटू शकते, आज एक तर वर्षानं दुसरी. त्या वेगवेगळ्या चालतात एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मे प्रश्न सुटतात, उरलेल्या निम्म्यांसाठी खाली वाचा.

एखादी मुलगी दिसायला लय आवडते पण बोलावंसं पण वाटत नाही. माझ्यात काही गडबड आहे का?

काही नाही. आपल्या बेळगावात शिवजयंती वैशाखात होते आणि चित्ररथांची मिरवणूक रात्रभर चालते हे तुला सांगायला नको. एका वर्षी रात्री दोन वाजता मी आणि माझी आत्या, वय साठच्या पुढं, गुडघे दुखतात म्हणून कुणाच्या तरी दुकानाच्या पायरीवर टेकलेलो. घोड्यावर महाराजांच्या वेशात एक पोरगा आला, दिवट्यांचा उजेड तोंडावर, आणि आत्या माझा दंड धरून म्हणाली, "काय रूप गं ते!" रथ पुढं गेला, आत्यानं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली चहा मिळतोय काय बघ. झालं! ती सौंदर्याची ओढ. तिला त्या पोराचं नाव नको होतं, गाव नको होतं. बाई बाईकडं बघून असं म्हणू शकते, पुरुष पुरुषाकडं बघून म्हणू शकतो, त्यावरनं कोण कुणाचा होतोय ते ठरत नाही.

मैत्रिणीबद्दल एवढं वाटतंय की क्रशच वाटावा, पण ‘तसलं’ काही नाही. हे काय असतंय?

हा माझ्या जिव्हाळ्याचा प्रश्न, म्हणून लांबण लागणार.

कॉलेजला असताना खानापूरहून मी रोज आठ दहाची एसटी धरायची. दुसऱ्या वर्षी एक मुलगी आली, ती सात चाळीसच्या गाडीला असायची, आणि मी, जिला आई पाणी मारून उठवायची, ती मी साडेसहाला वेणी घालून तयार! का, तर तिच्या शेजारी बसायला मिळावं. डब्यात शेंगाची चटणी असली की अर्धी तिच्यासाठी वेगळी पुडी करून. ती दुसऱ्या कुणाबरोबर हसली की माझं तोंड दिवसभर उतरलेलं. घरी चिडवायचे, "काय गं, लगीन करणार काय तिच्यासंगं?" आणि मी रात्री खरंच विचार करायची, मला तसं काही हवंय का? नको होतं. तिला हात लावायचा नव्हता, जोडी पण नको होती. तिची सगळ्यात जवळची मैत्रीण मीच व्हावी एवढंच पाहिजे होतं, पण ते एवढ्या जोरानं पाहिजे होतं की पोटात गोळा यायचा.

याला इंटरनेटवर ‘स्क्विश’ म्हणतात, म्हणजे मैत्रीतला क्रश. मला हा शब्द दहा वर्षांनी कळला आणि एवढं हलकं वाटलं की तिलाच फोन केला. ती आता हुबळीला असते, दोन पोरांची आई. म्हणाली, "खुळी आहेस, मला तेव्हाच कळत होतं, चटणीवरनं."

मनाची ओढ एकीकडं आणि शरीराची दुसरीकडं, असं असू शकतं?

हो, असू शकतं. लिसा डायमंड नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी २००३ साली यावर मांडणी केली, ती थोडक्यात अशी. लैंगिक इच्छा आणि प्रेमाची ओढ या दोन वेगळ्या यंत्रणा आहेत. पहिलीचं मूळ प्रजननाशी, आणि दुसरीचं मूळ तान्ह्या बाळाचा आईशी जो बंध असतो त्याच्याशी. आईचा बंध काही स्त्री-पुरुष बघून होत नाही, म्हणून माणूस ज्याच्याकडं एरवी शरीरानं ओढला जात नाही त्याच्याही प्रेमात पडू शकतो. आणि उलटं तर आपण रोजच बघतो, शरीराला माणूस हवा असतो पण त्याच्याबरोबर अर्धा तास गप्पा मारायच्या म्हटलं तर जीव जातो.

बहुतेकांचं मन आणि शरीर एकाच दिशेला जातं म्हणून त्यांना हा प्रश्नच पडत नाही. ज्यांचं जात नाही त्यांना वाटतं आपण खोटारडे आहोत. खोटं काही नाही त्यात, दोन बैल आहेत आणि दोन्ही एकाच वाटेला चालतील असं नाही.

मला कुणाबद्दलच ‘तसं’ काही वाटत नाही. वय २४. मैत्रिणी म्हणतात नाटक करतीय.

नाटक नाही. ॲंथनी बोगार्ट या कॅनडातल्या संशोधकानं ब्रिटनमधल्या १८ हजारांहून जास्त लोकांच्या सर्वेचे आकडे तपासले, ते २००४ मध्ये छापून आलं. ‘मला कधीच कुणाबद्दल लैंगिक आकर्षण वाटलेलं नाही’ असं सांगणारे साधारण १ टक्का निघाले. शंभरात एक म्हणजे बघ, तुमच्या कॉलेजच्या गॅदरिंगच्या हॉलमध्ये पाच-सात जण सहज बसलेले असतील. त्याच्याही आधी १९४८ मध्ये किन्सी या अमेरिकन संशोधकानं पुरुषांचा मोठा अभ्यास केला, माणसांना ० (फक्त भिन्नलिंगी ओढ) ते ६ (फक्त समलिंगी ओढ) अशा पट्टीवर बसवलं, आणि जे पट्टीवर बसेचनात त्यांच्यासाठी ‘एक्स’ नावाचा वेगळा कप्पा केला. तेव्हा हे काय मोबाइल आल्यावर निघालेलं नाही.

अशांना असेक्शुअल म्हणतात. २००१ मध्ये डेव्हिड जे नावाच्या अमेरिकन तरुणानं ‘एव्हन’ हे अशा लोकांसाठीचं इंटरनेटवरचं नेटवर्क काढलं, तिथून हा शब्द जगभर पसरला. ज्यांना रोमँटिक ओढ वाटत नाही ते अरोमँटिक. दोन्ही एकदम असावं लागत नाही. असेक्शुअल माणूस प्रेमात पडून, लग्न करून, भांडून-बिंडून सुखात राहू शकतो. आणि काहींना आधी मनाचा घट्ट बंध झाला तरच शरीराचं काही वाटतं, नाहीतर नाहीच, त्यांना डेमिसेक्शुअल म्हणतात.

फक्त एक. आधी वाटत होतं आणि अचानक सगळं बंद पडलं, त्याबरोबर झोप नाही, भूक नाही, कशातच रस नाही, असं असेल तर डॉक्टरला दाखव. थायरॉइड, डिप्रेशन, काही गोळ्या, यानं इच्छा मरते. पहिल्यापासनंच असं असणं वेगळं आणि हे वेगळं.

मी मुलगा आहे आणि मला मुलगाच आवडतोय. हा आजार आहे का? बरा होतो का?

आजार नाही, त्यामुळं बरा व्हायचा प्रश्न येत नाही. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं १९७३ मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतनं काढली, जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० मध्ये काढली. आपल्याकडं ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टानं निकाल दिला, त्यामुळं दोन सज्ञान माणसांचे राजीखुशीचे संबंध कलम ३७७ खाली गुन्हा राहिले नाहीत. लग्नाला मात्र कायद्यानं मान्यता नाही, ऑक्टोबर २०२३ मध्ये कोर्टानं ती द्यायला नकार दिला. आणि २०२२ मध्ये नॅशनल मेडिकल कमिशननं सांगितलंय की असं आकर्षण ‘बदलून देतो’ म्हणून उपचार करणं हे डॉक्टरचं गैरवर्तन आहे.

हे शेवटचं मी मुद्दाम लिहितेय. माझ्या एका मित्राला त्याचे वडील एका डॉक्टरकडं घेऊन गेले, मी बाहेर बाकड्यावर. आत दहा मिनिटं, आणि बाहेर येऊन वडील म्हणतात, डॉक्टर म्हणाले लग्न लावून द्या, सगळं रांगेत येतंय. म्हणजे एका पोरीचं आयुष्य औषध म्हणून द्यायचं! त्या मित्रानं लग्नाला ‘नाही’ म्हणून सांगितलं, पण तेवढं सांगायला त्याला तीन वर्षं लागली.

आणि घाईनं शिक्का पण मारून घेऊ नकोस. आवडतो म्हणजे कसा, ते सुरुवातीच्या ‘पुढं काय व्हावंसं वाटतंय’ या प्रश्नाला लावून बघ. सीबीटीवर, म्हणजे आपल्या सेंट्रल बस स्टँडवर, गळ्यात हात टाकून फिरणारी पोरं बघतोस की रोज, त्यातले किती जण नुसते दोस्त आहेत, किती जणांना स्पर्शाची माया हवीय, आणि एखाददुसऱ्याला खरंच तो पाहिजे आहे, बाहेरनं सगळं सारखंच दिसतं. आतलं तुलाच माहीत.

ट्रिपला गेलो, लय भारी वाटलं तिच्याबद्दल, घरी आल्यावर सगळं गार. असं का?

कुठं गेला होतास, गोकाकला काय? झुलत्या पुलावर? चेष्टा नाही करत. १९७४ मध्ये डटन आणि ॲरन या दोघा मानसशास्त्रज्ञांनी कॅनडात कॅपिलानो नदीवरच्या झुलत्या पुलावर प्रयोग केला. पूल अंदाजे २३० फूट उंच, पाऊल टाकलं की डुलतोय. त्यावर एक देखणी मुलगी पुरुषांना थांबवून प्रश्नावली भरून घ्यायची आणि काही विचारायचं असेल तर फोन करा म्हणून नंबर द्यायची. तसंच तिनं वरच्या बाजूच्या एका भक्कम, बुटक्या पुलावरही केलं. झुलत्या पुलावर नंबर घेतलेल्या १८ पैकी ९ जणांनी फोन केला, भक्कम पुलावरच्या १६ पैकी फक्त २.

म्हणजे छाती धडधडत होती पुलामुळं आणि डोक्यानं हिशेब लावला मुलीच्या नावावर. चोर्ला घाटात धुक्यात बाईकवर मागं बसलेली, एका रात्रीत सबमिशन पुरं केलेले पार्टनर, दांडियाची शेवटची रात्र, सगळं त्याच खात्यात. सगळंच खोटं असतं असं नाही हां. पण असल्या ट्रिपनंतर आठवडाभर थांबून, एखाद्या रटाळ मंगळवारी तिच्याबरोबर चहा पिऊन बघावं.

आधी तो अजिबात आवडत नव्हता, रोज बसमध्ये बघून बघून आवडायला लागला. असं होतं का?

होतं की. झायॉन्क या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये दाखवलं की अनोळखी शब्द असोत, चिन्हं असोत, चेहरे असोत, जे जास्त वेळा डोळ्यांपुढनं जातं ते जास्त आवडायला लागतं, नुसत्या सवयीनं. म्हणून गल्लीतला, ऑफिसातला, गाडीतला आवडतो. पहिल्याच भेटीत ज्याचा राग आला, त्याचा मात्र रोज बघून रागच वाढू शकतो.

ती डोक्यातनं जातच नाही, जेवण जात नाही, अभ्यास होत नाही. हे खरं प्रेमच असणार ना?

माझा मामेभाऊ टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटला थांबलेला. गेट पडलेलं, पलीकडं ती स्कूटीवर. तिनं इकडं बघितलं. गाडी गेली, गेट उघडलं, ती निघून गेली. त्या एका बघण्यावर ह्यानं महिनाभर मला व्हॉइस नोट पाठवले, आधी हसली मग बघितलं का आधी बघितलं मग हसली, हेल्मेट का काढलं असेल. मी म्हटलं उकडत असेल गा.

डोरोथी टेनोव्ह या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी शेकडो लोकांशी बोलून १९७९ मध्ये याला ‘लिमरन्स’ असं नाव दिलं. मनात सारखा तोच माणूस, त्याच्या बारीकशा इशाऱ्यावर स्वर्ग नाहीतर पाताळ, आणि मुख्य म्हणजे त्यालाही आपल्याबद्दल वाटतंय का ही तडफड. ही आग आशा आणि शंका या दोघींवर जळते, साफ हो किंवा साफ नाही मिळालं की बहुतेक वेळा निवायला लागते. म्हणून महिनोन्‌महिने स्टेटस बघत बसण्यापेक्षा नीट विचारून टाकावं. एकदा. ‘नाही’ म्हणाली तर ‘नाही’च, पुन्हा गेटवर उभं राहायचं नाही. भावानं विचारलं, ती नाही म्हणाली, पठ्ठ्या पंधरा दिवसांनी परत भाकरी खायला लागला.

बघायला आले होते, मुलगा चांगला आहे, पण काहीच वाटलं नाही. होकार देऊ का?

पोह्यांच्या डिशवरनं वीस मिनिटांत कुणाला काय वाटणार, समोर काकू बसलेली आणि शेजारी कुणाचा तरी मेव्हणा पगार विचारतोय! त्या दिवशी काही वाटलं नाही म्हणजे कधीच वाटणार नाही असं नाही. आणि छान दिसला म्हणजे जमलं असंही नाही. स्टर्नबर्ग या मानसशास्त्रज्ञानं १९८६ मध्ये प्रेमाचा त्रिकोण मांडला, जवळीक, शरीराची आस आणि निभावण्याचा निर्णय. आपल्याकडं निर्णय आधी होतो, तारीख आणि हॉल पण ठरतो, आणि बाकीचे दोन कोपरे मागनं यावेत अशी अपेक्षा असते. कितीतरी जणांचे येतात. काहींचे येत नाहीत.

म्हणून चार-पाच वेळा भेटायला मागा, घरच्यांशिवाय. भेटल्यावर बोलावंसं वाटतंय का, हसायला येतंय का, तो जवळ बसला तर बरं वाटतंय का अंग आक्रसतंय, एवढं बघा. अंग आक्रसत असेल तर ‘चांगलं स्थळ आहे’ म्हणून दाबू नका. अंग पहिल्यांदा सांगतं, आपण उगाच त्याला गप्प करतो.

लग्न झालंय, सुखात आहे, पण दुसरं कुणीतरी आवडतंय. मी वाईट आहे का?

ओढ लागली म्हणून कुणी वाईट होत नाही. पुढं काय करायचं ते तुमच्या हातात असतं. कुठली ओढ आहे ते आधी बघा. बऱ्याच जणींनी बोलता बोलता मला सांगितलंय की त्या माणसाचं बाकी काही नको असतं, तो फक्त ‘मग पुढं काय झालं?’ असं विचारतो, जे घरी कुणी विचारत नाही. मग घरात काय कमी पडतंय ते कळलं की. ते नवऱ्याशी बोलता येतं. लपवून चॅट करत बसलात तर मात्र तो निर्णय तुमचा, ओढीवर ढकलायचा नाही.

मी अकरावीत आहे, सर खूप आवडतात.

शिकवणाऱ्याबद्दल असं वाटणं नेहमीचंच आहे, बहुतेक वेळा ती डोक्याची ओढ असते, त्यांच्यासारखं व्हावंसं वाटतं. वाटू दे. पण सरांकडनं रात्रीचे मेसेज, एकटीला बोलावणं, ‘कुणाला सांगू नको’ असं काही आलं तर त्याच दिवशी घरात विश्वासाच्या माणसाला सांग. १८ च्या आतल्या मुलीची संमती पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, मानतच नाही, त्यामुळं ‘मलाही आवडत होते’ म्हणून स्वतःला दोष द्यायचा नाही. १०९८ हा मुलांसाठीचा हेल्पलाइन नंबर पण आहे.

हे सगळं इंग्रजीतलं खूळ नाही का? आपल्याकडं असलं काही नव्हतं.

शब्द इंग्रजी आहेत, कबूल. पण लळा, माया, जिव्हाळा, ओढ, भुरळ, मोह, हुरहूर, आसक्ती, हे काय सगळं एकच आहे? लळा वासराचा लागतो, भुरळ रूपाची पडते, हुरहूर कुणी निघून चाललं की लागते. माझ्या आजीनं शाळेचं तोंड बघितलं नव्हतं, पण ‘जीव लागला’ आणि ‘जीव जडला’ यात ती बरोबर फरक करायची, पहिलं शेजारच्या पोराला आणि दुसरं म्हणताना आवाज बारीक. आपणच सगळे शब्द माळ्यावर टाकून एक ‘आवडतो’ आणि एक ‘क्रश’ घेऊन बसलोय.

कुणाशी तरी नीट बोलायचं आहे, बेळगावात ओळखीचे निघतात सगळीकडं.

हे खरं आहे, इथं डॉक्टरच्या वेटिंगमध्ये पण आत्याची नणंद भेटते. टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर १४४१६, सरकारी आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालू, नाव सांगायची सक्ती नाही. कर्नाटकातनं लावला की कन्नडात सुरू होऊ शकतं, मराठी पाहिजे असेल तर भाषा निवडताना तसं सांगायचं. समोरासमोर दाखवायचं असेल तर धारवाडला डिमहान्स हे सरकारी मानसिक आरोग्याचं हॉस्पिटल आहे, सकाळी लवकर निघालं तर काम होऊन त्याच दिवशी परत येता येतं. घरी काय सांगायचं विचारशील तर धारवाडला गेलो होतो, पेढा आणला, एवढं बास.